दलप्रमुख

अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यातील, मंचरजवळचे गाव. तेथून मंचरला यावे, पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेची वाट धरावी, कळंबजवळ घोड नदी ओलांडावी, नारायणगावला मीना ओलांडावी आणि डाव्या हाताला वळावे. काही वेळाने शिवनेरीचा कडा दृष्टीस पडतो आणि त्याच्या पायथ्याशी विसावलेले जुन्नर दिसू लागते. या टापूतील मुलाला शिवजन्माची कथा मुद्दाम सांगावी लागत नाही; ती त्याच्या कानावर पाळण्यापासूनच पडत असते. परंतु याच दोन तालुक्यांनी विसाव्या शतकात महाराष्ट्राला आणखी दोन माणसे दिली. दोघेही स्वयंसेवक होते. एकाला ऐन बाविशीत मरण आले. दुसऱ्याला चौऱ्याऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले.

पहिल्याचे नाव बाबू गेनू सैद. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावी एका गरीब शेतकरी कुटुंबात १९०८ साली त्याचा जन्म झाला. पोटासाठी तो मुंबईस गेला आणि गिरणीत काम करू लागला. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत त्याने स्वयंसेवकांत नाव घातले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागातून परदेशी कापडाने भरलेली मालमोटार निघाली, तेव्हा तो तिच्या वाटेत आडवा झाला. मोटार थांबली नाही. मुंबईतील त्या भागात आज एका रस्त्याला बाबू गेनूचे नाव आहे, आणि घोड नदीवर डिंभे येथे जे धरण बांधले गेले, त्याच्या जलाशयालाही हुतात्मा बाबू गेनू यांचेच नाव देण्यात आले आहे. त्या जलाशयाचे पाणी कालव्यांवाटे आंबेगाव-शिरूरकडील शेतांत खेळते. ज्या घरात दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, त्या घरातील मुलाच्या नावाचे पाणी आज उसाला आणि कांद्याला मिळते, याहून शोभणारे स्मारक सुचणे कठीण.

हुतात्म्याचा सन्मान कसा करावा हे समाजाला ठाऊक असते. त्याच्या नावाने स्तंभ उभारता येतो, त्याच्या स्मृतिदिनी हार वाहता येतो. हुतात्मा पुन्हा काही बोलणार नसतो. आपल्याला न रुचणारी गोष्ट तो सांगणार नसतो. जो स्वयंसेवक जगतो, त्याची गोष्ट निराळी. तो वाद घालतो, चुकतो, निवडणुकीत पडतो, कालच्या मित्रांविरुद्ध आज उभा राहतो. त्याचा सन्मान केव्हा आणि कशाने करावा, हा प्रश्न मग अवघड होऊन बसतो. जुन्नरला जन्मलेल्या दुसऱ्या स्वयंसेवकाच्या बाबतीत महाराष्ट्रापुढे हाच प्रश्न अनेकदा उभा राहिला.

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील गोळपचे. वडील न्यायखात्यात नोकरीस होते आणि त्या नोकरीनिमित्तच कुटुंबाचे वास्तव्य घाटावर होते. श्रीधर लहान असतानाच वडील वारले आणि घरावर दारिद्र्याची अवकळा आली. पुढचे शिक्षण पुण्यात, आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि मग फर्ग्युसन महाविद्यालयात, ओढाताणीत झाले. बी. ए. आणि नंतर कायद्याची पदवी पदरी पडली, तेव्हा चारचौघांसारखी वकिली थाटून घराला बरे दिवस दाखविणे हा सरळ मार्ग समोर होता. तो मार्ग त्यांनी धरला नाही. मित्रांमध्ये त्यांना ‘एसेम’ म्हणत. पुढे सारा महाराष्ट्रच त्यांना त्या नावाने ओळखू लागला.

विद्यार्थिदशेतच पुण्यातील तरुणांच्या चळवळीत ते ओढले गेले होते. त्या काळी पुण्याच्या पर्वतीवरील देवालयात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून १९२९ च्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, त्यात एसेम अग्रभागी होते. टेकडी चढणाऱ्या सत्याग्रहींवर दगड आले. मारणारे परके नव्हते. ज्या पुण्यात एसेम वाढले, त्याच पुण्यातील ते लोक होते. देवालयाचे दार त्या वेळी उघडले नाही. पंचविशीतील तरुणाला त्या दिवसांत जो धडा मिळाला, तो पुस्तकात मिळणारा नव्हता. परक्या सरकारचा तुरुंग सोसणे एका अर्थी सुलभ असते, कारण गाव पाठीशी असतो. आपल्याच लोकांचा रोष ओढवून घेऊन, त्यांच्यावर उलट न चिडता, आपल्या म्हणण्यावर टिकून राहणे याला निराळ्या प्रकारचे बळ लागते. हे बळ एकट्या माणसाने कमवावे कसे आणि ते शेकडो मुलामुलींत रुजवावे कसे, याचा प्रयोग पुढे बारा वर्षांनी व्हावयाचा होता.

त्या प्रयोगाचे नाव राष्ट्र सेवा दल.

स्वयंसेवकांना शिस्त लावणारी संघटना असावी, ही कल्पना नवी नव्हती. कर्नाटकातील डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी १९२३ साली हिंदुस्थानी सेवा दल उभे केले होते आणि काँग्रेसच्या अधिवेशनांतून त्याच्या पथकांनी चोख व्यवस्था ठेवली होती. परंतु १९४० च्या सुमारास प्रश्न केवळ अधिवेशनातील व्यवस्थेचा राहिला नव्हता. महायुद्ध पेटलेले होते. धर्माधर्मांतील तेढ वाढत चालली होती. १९४० च्या मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांची मागणी करणारा ठराव केला होता. शाळा-महाविद्यालयांतील मुले धर्माच्या आणि जातीच्या नावाने निरनिराळ्या मैदानांवर जमू लागली होती. अशा वेळी सर्वांना एका मैदानावर आणणारी संघटना हवी, असे पुण्यातील काही तरुण कार्यकर्त्यांच्या मनाने घेतले. ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये हे त्यांपैकीच. ४ जून १९४१ रोजी पुण्यात सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि दलप्रमुख म्हणून एसेम जोशी यांची निवड झाली. त्यांचे वय तेव्हा छत्तीस होते.

दलप्रमुख हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे हुकूम सोडणारा सेनापती उभा राहतो. सेवा दलात ‘सैनिक’ हा शब्दही होता, संचलन होते, ध्वजवंदन होते, शिट्टीसरशी रांगा लागत. परंतु शस्त्र नव्हते, आणि सेनापतीच्या हाती जे असते, ते दलप्रमुखाच्या हाती काहीही नव्हते. हा भेद नीट ध्यानी घेण्याजोगा आहे. कचेरीतील वरिष्ठाचे ऐकले नाही तर पगार कापला जातो. सैन्यात आज्ञाभंग केला तर शिक्षा होते. शाळेतसुद्धा गुरुजींच्या हाती परीक्षा असते. सेवा दलाच्या शाखेत सायंकाळी जो मुलगा येई, त्याला कोणी बांधून आणलेले नसे. आज खेळात मन रमले नाही, आज शाखानायक फाडकन काही बोलला, आज बौद्धिक कंटाळवाणे झाले, तर उद्या तो मैदानाकडे फिरकणार नाही. आणि त्याला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यातच अनेक घरांतून शाखेला विरोध असे. मुले आणि मुली एका मैदानावर खेळतात, सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसतात, ही गोष्ट १९४१ साली पेठेत आणि खेड्यात सारखीच खटकणारी होती. तेव्हा शाखेत रोज येणारा मुलगा रोज नव्याने येत असे, असेच म्हटले पाहिजे. अशा मुलांचा जो प्रमुख, त्याची सत्ता किती? मुले त्याच्यावर जेवढा विश्वास टाकतील तेवढी.

शाखेतील कार्यक्रम पाहिला तर तो साधा वाटेल. कबड्डी, खो-खो, लेझीम, कवायत, मग गाणी, मग कोणीतरी वर्तमानपत्रातील एखाद्या प्रश्नावर बोलावयाचे आणि इतरांनी शंका विचारावयाच्या. राष्ट्रप्रेम, लोकशाही, समाजवाद, सर्व धर्मांविषयी समभाव आणि विज्ञानाची दृष्टी, या गोष्टी दलाने आपली तत्त्वे म्हणून सांगितल्या. मात्र तत्त्वे सांगण्याने मुले जमत नाहीत, ती खेळाने जमतात. ब्राह्मण आळीतील आणि महारवाड्यातील मुलगा एकमेकांचा हात घट्ट धरून कबड्डीची साखळी करतात, तेव्हा अस्पृश्यतेवरचे व्याख्यान आटोपलेले असते. शाखानायक बहुधा पंधरा-सोळा वर्षांचा, म्हणजे आपल्या सैनिकांहून दोन-चार वर्षांनीच मोठा. नवा मुलगा एकटा कोपऱ्यात उभा आहे, त्याला कोणत्या गटात घालावे. दोघांत भांडण झाले, ते कसे मिटवावे. उद्या पाऊस आला तर कोठे जमावे. हे निर्णय त्याला रोज घ्यावे लागत. महाराष्ट्रातील शेकडो मैदानांवर अशी शेकडो मुले रोज पुढारीपणाचा सराव करीत होती. दलप्रमुखाचे खरे काम म्हणजे या मुलांवर भरवसा ठेवणे.

त्या भरवशाची कसोटी लवकरच लागली. सेवा दलाला पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा लढा सुरू झाला. थोर नेते एका रात्रीत पकडले गेले. एसेम भूमिगत झाले. त्यांनी दाढी वाढविली, पेहराव बदलला आणि इमाम अली या नावाने ते मुंबईत वावरू लागले. ज्याने हिंदू-मुसलमानांच्या एकीचे धडे दिले, त्याला पोलिसांपासून बचावण्यासाठी मुसलमानाचे रूप घ्यावे लागले आणि ते रूप लोकांना खरे वाटले, हा योगायोग मजेचा खरा; त्यात थोडा अभ्यासही असला पाहिजे, कारण शेजाऱ्याची चालरीत जाणल्यावाचून असे सोंग फार दिवस टिकत नाही. १९४३ साली पोलिसांनी त्यांना पकडले आणि पुढे त्यांची रवानगी तुरुंगात झाली. दलप्रमुख नजरेआड झाले तरी दल मोडले नाही. मोठ्यांपैकी अनेक जण तुरुंगात वा भूमिगत असताना, लहानांनी शाखा चालू ठेवल्या. पुढाऱ्याच्या पाठीमागे जे काम चालते, त्यावरून पुढाऱ्याची परीक्षा करावी, असा दंडक लावला तर एसेम यांची परीक्षा या काळात झाली, आणि त्या वेळी ते स्वतः परीक्षागृहात हजरही नव्हते.

सेवा दलाने माणसे घडविली ती निरनिराळ्या साच्यांची. मुंबईच्या मृणाल गोरे वैद्यकीय शिक्षण सोडून दलाच्या कामात पडल्या. पुढे गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्या इतक्या झगडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात बागकाम करणारा एक तरुण दलाच्या कलापथकात काम करू लागला. तो म्हणजे नंतरचा थोर अभिनेता निळू फुले. राम नगरकर आणि दादा कोंडके हेही तेथूनच आले. कवी वसंत बापट, गायक लीलाधर हेगडे यांनी या कलापथकाला शब्द आणि सूर दिले. पु. ल. देशपांडे यांनी याच कलापथकासाठी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले. ज्या संघटनेत मुलांना पुढारीपणाचे शिक्षण मिळे, तिनेच गावोगाव जाऊन पुढाऱ्यांची थट्टा करणारे नाटक करावे, यात दलाचा स्वभाव चांगला दिसून येतो. स्वतःवर हसता न येणारी संघटना फार काळ निरोगी राहत नाही.

१९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्राचा दौरा केला, तेव्हा सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडले. १ मे रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी ते सुटले. मंदिराचे दार उघडण्याचे मान्य झाले होते. पर्वतीवर दगड आले त्याला तेव्हा सतरा-अठरा वर्षे लोटली होती. पुढे दलप्रमुखपद भाऊसाहेब रानडे यांच्याकडे गेले. १९५० च्या जूनमध्ये साने गुरुजी गेले. त्यानंतर त्यांच्या नावाने सेवा पथक निघाले आणि सुट्टीच्या दिवसांत मुले खेड्यापाड्यांत जाऊन रस्त्यांसाठी व बांधांसाठी माती वाहू लागली.

एसेम स्वतः राजकारणाच्या मोठ्या प्रवाहात गेले होते. त्याचा सारा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु दलप्रमुखाच्या अंगी बाणलेली एक गोष्ट तेथे उपयोगी पडली, ती सांगितली पाहिजे. १९५६ च्या फेब्रुवारीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एसेम तिचे सरचिटणीस झाले. त्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झडल्या. लोक संतापलेले होते. अशा वातावरणात ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर येणार होते. समितीने निदर्शने करण्याचे ठरविले. गडाकडे जाणाऱ्या घाटाच्या रस्त्यांवर हजारोंनी लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. एक दगड भिरकावला गेला असता, तर त्या अवघड घाटात काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. निदर्शने शांततेने पार पडली. ज्यांचा कोणावर हुकूम चालत नाही अशा हजारो लोकांनी स्वतःहून शिस्त पाळावी, हे एका दिवसात साधत नाही. त्याच्या मुळाशी मैदानावरच्या शेकडो सायंकाळी होत्या. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

या यशानंतर एसेम यांना मोठे पद मिळाले असेल, असा कोणाचाही समज व्हावा. ते १९५७ साली विधानसभेत आणि १९६७ साली लोकसभेत पुण्यातून निवडून गेले, हे खरे; परंतु मंत्रिपद त्यांनी आयुष्यात कधी घेतले नाही. १९७७ नंतर त्यांच्या विचारांचे अनेक जण सत्तेवर आले, तेव्हाही ते बाहेरच राहिले. घरची स्थिती बेताचीच असे. त्यांच्या पत्नी ताराबाई यांनी नोकरी करून संसाराचा भार उचलला. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, त्याचे छायाचित्र निघते. त्याच्या घरी चूल कोणाच्या कष्टावर पेटते, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. एसेम यांच्या त्यागाची गोष्ट सांगताना ताराबाईंचे नाव गाळणे हा हिशेबातील चुकारपणा होईल.

आणि हाराचा विषय निघाला आहे, तर एक निराळा हारही सांगितला पाहिजे.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केला. त्यावरून मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. ठराव अंमलात आला नाही. एसेम तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. त्यांनी नामांतराच्या बाजूने उभे राहण्याचे ठरविले आणि ते लोकांना समजावण्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, गेले. तेथे विरोधकांनी त्यांच्या गळ्यात चपलांचा हार घातला.

ज्याने संयुक्त महाराष्ट्रासाठी आपली सारी शक्ती वेचली, त्याच्या गळ्यात त्याच महाराष्ट्रातील तरुणांनी हा हार घालावा, ही लाजिरवाणी गोष्ट होती. ती घडली तेव्हा सेवा दलाच्या जुन्या सैनिकांना काय वाटले असेल, हे सांगावयास नको. मात्र एसेम यांच्या दृष्टीने ती सर्वथा नवी नव्हती. पर्वतीच्या पायऱ्यांवर पंचविशीत जे सोसले, तेच पन्नास वर्षांनी पुन्हा सोसावयाचे होते, इतकेच. त्यांनी आपली भूमिका बदलली नाही. नामांतर झाले पाहिजे हे म्हणणे त्यांनी सोडले नाही. एक गोष्ट येथे विचार करण्याजोगी आहे. फुलांचे हार एसेम यांच्या गळ्यात शेकडो पडले असतील. ते कोणी कोठे घातले, याची नोंद फारशी कोणाजवळ नाही. हा एक हार मात्र महाराष्ट्राच्या लक्षात राहिला, आणि घालणाऱ्यांच्या नव्हे, तर ज्याला घातला गेला त्याच्या नावावर तो जमा झाला.

स्वयंसेवकांचा सन्मान कसा करावा, याचे एक निराळे उत्तर सेवा दलाच्याच परिवारातील माणसांनी पुढे शोधून काढले. पूर्ण वेळ समाजाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्याला शाल आणि श्रीफळ मिळते, परंतु महिनाअखेर वाण्याची उधारी त्या शालीने फिटत नाही. हे ओळखून डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांसारख्या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. नामवंत नटनट्यांनी एकत्र येऊन ‘लग्नाची बेडी’ या आचार्य अत्रे यांच्या नाटकाचे प्रयोग त्यासाठी केले. जमलेल्या रकमेच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळू लागले. मानधन हा शब्द मराठीत पुष्कळदा पगाराला झाकण म्हणून वापरला जातो. येथे मात्र तो त्याच्या मूळ अर्थाने आला. निळू फुले स्वतः एके काळी माळीकामाच्या तुटपुंज्या वेतनावर कलापथकात राबले होते. तेव्हा रंगभूषा करून त्या प्रयोगांत उभे राहताना त्यांना कोणाचे स्मरण होत असेल, हे सहज ओळखता येते.

१ एप्रिल १९८९ रोजी एसेम जोशी यांचे पुण्यात निधन झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८४ साली, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. त्याचे नाव ‘मी एस. एम.’ एवढेच आहे. नावामागे कसलीही पदवी किंवा पद नाही. पुण्यात मुठा नदीवरील एका पुलाला त्यांचे नाव आहे. हडपसर येथे रयत शिक्षण संस्थेचे एक महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. पुण्यातच त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचे एक सभागृह आहे. तेथे हमालांच्या, मोलकरणींच्या, धरणग्रस्तांच्या सभा होतात. विद्यार्थ्यांची शिबिरे भरतात. सतरंज्या अंथरणे, खुर्च्या मांडणे, आल्यागेल्याला पाणी देणे ही कामे तेथे तरुण मुलेमुली करतात आणि सभा सुटली की झाडलोटही तीच करतात.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा १४ जानेवारी १९९४ रोजी झाली. त्या दिवसापासून त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे आहे. तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, आणि एसेम यांना जाऊन तेव्हा पावणेपाच वर्षे झाली होती.